उलटी उधारी

व्हिडिओ गेमवर लिहितोय म्हटल्यावर नात्यातले निम्मे वाचक इथूनच मागे फिरणार, याची मला कल्पना आहे. त्यांना एक विनंती, जरा थांबा. लेख खेळाबद्दल आहेच, पण त्याहून जास्त तो उधारीबद्दल आहे. आपल्याकडे किराणा दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असायची. म्हणजे उधारी दुकानदाराने द्यायची आणि गिऱ्हाइकाने घ्यायची, ही जगाची रीत. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत कॉम्प्युटरच्या खेळांत ही रीत उलटी झाली. गिऱ्हाईक पैसे आधी मोजतं आणि दुकानदार माल फेडत बसतो. कधी हप्त्याहप्त्याने, कधी पाच वर्षांनी, आणि कधी... असो, तेच तर सांगायचंय.

या प्रकाराला 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणतात. पुस्तकांची प्रकाशनपूर्व सवलत आपल्याला ठाऊक आहे. आधी पैसे भरा, पुस्तक निघालं की कमी किमतीत घ्या. यात फरक एवढाच की पैसे भरल्या भरल्या तुम्हाला अर्धवट पुस्तक हातात मिळतं. पहिली चार प्रकरणं आहेत, पाचव्याचं नुसतं नाव आहे, सातव्यात छपाईच्या चुका आहेत. तुम्ही वाचत राहायचं, चुका कळवत राहायचं, आणि लेखक मागून नवी प्रकरणं पाठवत राहणार. शिवाय मधेच तो पहिलं प्रकरण बदलूनही टाकणार, आणि तुमची खूण जिथे होती ते पानच नाहीसं होणार!

हे असं कुणी का विकत घेईल, असा प्रश्न आमच्या आईने विचारला होता. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी २००९ मध्ये जावं लागतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मार्कस पेर्सन नावाच्या एका स्वीडिश प्रोग्रॅमरने 'माइनक्राफ्ट' लोकांसमोर ठेवला आणि जूनपासून तो पैसे घेऊन विकायला लागला. खेळ अर्धामुर्धाही झालेला नव्हता. तेव्हा किंमत ९.९५ युरो. पुढे २०१० च्या डिसेंबरात 'बीटा' आला तेव्हा १४.९५ झाली, आणि २०११ च्या नोव्हेंबरात पूर्ण खेळ आला तेव्हा १९.९५. जे आधी आले त्यांनी निम्मे पैसे दिले. किंमत मालाबरोबर वाढत गेली, हा हिशोब साधा आणि कुणालाही पटणारा होता. त्यातून खेळाचं काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं, आणि जगभरच्या होतकरू मंडळींनी त्यातून एकच धडा घेतला: खेळ पूर्ण व्हायची वाट बघायचं कारण नाही.

२० मार्च २०१३ ला 'स्टीम' या खेळांच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानाने अर्धवट खेळांसाठी अर्ली अ‍ॅक्सेस हा वेगळा कप्पाच उघडला. पहिल्या दिवशी त्यात १२ खेळ होते, आणि त्यातलाच एक होता 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. माझ्या डोक्यात या सगळ्या प्रकरणाचं कोष्टक या एका खेळावरूनच तयार झालंय, कारण याच नावाने जगाला उलट्या उधारीचा उत्तम नमुना दिला आणि दहा वर्षांनी अत्यंत वाईट नमुनाही दिला.

आधी चांगली गोष्ट.

मेक्सिको सिटीत 'स्क्वाड' नावाची एक मार्केटिंग कंपनी होती. म्हणजे गिऱ्हाइकांसाठी जाहिरातीचे कार्यक्रम, प्रदर्शनं वगैरे करणारी. खेळांशी तिचा काही संबंध नव्हता. तिथे फेलिपे फालांगे नावाचा ब्राझीलचा एक तरुण प्रोग्रॅमर नोकरी करत होता. लहानपणी तो फटाक्यांच्या रॉकेटांना चांदीच्या कागदाची छोटी माणसं करून बांधायचा आणि त्यांना म्हणायचा 'कर्बल'. २०१० मध्ये नोकरी सोडून खेळ करायचं त्याने ठरवलं, तर मालक म्हणाले, हातातलं काम संपव आणि खेळ इथेच कर. (असे मालक मला माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत भेटलेले नाहीत, पण ते जाऊ दे.) २०११ च्या जानेवारीत काम सुरू झालं आणि २४ जूनला पहिली आवृत्ती लोकांसाठी खुली झाली.

खेळ असा आहे. कर्बिन नावाचा एक छोटा ग्रह, त्यावर हिरवी, मोठ्या डोळ्यांची, भलती उत्साही माणसं. त्यांच्यासाठी आपण रॉकेट बांधायचं. इंजिन, टाक्या, पंख जोडायचे आणि उडवायचं. बहुतेक वेळा स्फोट होतो. मग परत बांधायचं. पण गंमत ही की स्फोट खोटा असला तरी गणित खरं आहे. कक्षेत जायचं तर नुसतं वर जाऊन भागत नाही, आडवा वेग घ्यावा लागतो. पुढच्या यानाला गाठायचं तर वेग वाढवून नाही, आधी खालच्या कक्षेत उतरून गाठावं लागतं. माझा भाचा नववीत असताना जेवणाच्या ताटात वाटी आणि लिंबाची फोड घेऊन त्याने हे आम्हाला समजावलं होतं. शाळेच्या पुस्तकात केप्लरचे नियम यायच्या दोन वर्षं आधी!

तर पहिल्या आवृत्तीत काय होतं? जवळजवळ काहीच नाही. एक ग्रह, मोजके भाग. चंद्रसुद्धा नव्हता. तो काही महिन्यांनी आला. त्याचं नाव 'मन'. उच्चार 'मन' की 'मून' यावर खेळणाऱ्यांत मतभेद आहेत, पण मराठी माणसाने 'मन'च म्हणावं असं माझं स्पष्ट मत आहे. मनावर उतरणं किती अवघड, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. :-) २०१२ च्या सप्टेंबरात ०.१७ आवृत्ती आली आणि एकदम बाकीचे ग्रह उगवले. २०१३ च्या ऑक्टोबरात ०.२२ मध्ये विज्ञान आलं, म्हणजे प्रयोग करा, गुण मिळवा, त्यातून नवे भाग मिळवा. २०१४ च्या एप्रिलमध्ये नासाच्या सहकार्याने लघुग्रह पकडायची मोहीम आली. आणि २७ एप्रिल २०१५ ला आवृत्ती १.०, म्हणजे 'झाला बुवा खेळ पूर्ण'. सुरुवातीपासून सव्वाचार वर्षं.

सव्वाचार वर्षं काही कमी नाहीत. या काळात लोक वैतागले नाहीत का? वैतागले की! चांगलेच वैतागले. २०१२ मध्ये स्क्वाडने ग्रहांवरून खनिजं काढून इंधन करायच्या योजनेचा भलामोठा तक्ता दाखवला होता. पुढे ती योजना गुंडाळून ठेवली, कारण त्यात मजा येत नाही असं करणाऱ्यांनाच वाटायला लागलं. लोक म्हणाले, तक्ता दाखवलात कशाला मग? २०१३ च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या कुणाच्या तरी बोलण्यात पुढे पैसे घेऊन पुरवण्या काढायचा विषय निघाला आणि गदारोळ झाला. आम्ही आधी पैसे भरले ते पुढचं सगळं मिळेल म्हणून, आता पुरवणीचे वेगळे कसले? स्क्वाडने तेव्हा शब्द दिला की एप्रिल २०१३ संपेपर्यंत ज्यांनी खेळ घेतलाय त्यांना पुढच्या सगळ्या पुरवण्या फुकट.

आता हा शब्द लक्षात ठेवा. पहिली मोठी पुरवणी 'मेकिंग हिस्टरी' आली १३ मार्च २०१८ ला. म्हणजे जवळपास पाच वर्षांनी. मधल्या काळात फेलिपे २०१६ मध्ये सोडून गेला होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात आठ विकसक एकदम बाहेर पडले होते, आणि २०१७ च्या मेमध्ये 'टेक-टू' या अमेरिकेतल्या बलाढ्य कंपनीने खेळाचे हक्कच विकत घेतले होते. शब्द देणारे हात बदलले, घर बदललं, तरी ज्यांनी एप्रिल २०१३ पर्यंत पैसे दिले होते त्यांना पुरवणी फुकट मिळाली. मला या सगळ्या इतिहासात ही एक गोष्ट फार आवडते. कुणी तरी ती जुनी यादी जपून ठेवली होती.

आणि दुसरी गंमत म्हणजे १.० बद्दलची सगळ्यांत मोठी तक्रार 'उशीर केलात' अशी नव्हतीच. ०.९० ही 'बीटा' आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात आली आणि चारच महिन्यांत १.०. त्यातही हवेच्या रोधाचं गणित १.० मध्ये नव्याने आलं आणि लगेचच्या दुरुस्त्यांमध्ये पुन्हा बदललं, त्यामुळे लोकांची रॉकेटं आठवड्यात दोनदा वेगळी उडायला लागली. तेव्हा लोक ओरडले की घाई केलीत, अजून सहा महिने थांबायला काय झालं होतं! म्हणजे संथपणाला वैतागणारे हेच लोक घाईलाही वैतागले.

इथे मला थांबून थोडं बोलायचंय, कारण सॉफ्टवेअरमध्ये मी पोट भरतो आणि या संथपणाची आतली बाजू मला दिसते.

काम संथ का होतं याची कारणं फार रोमांचक नाहीत. नवा भाग जोडला की जुने तीन मोडतात. खेळणाऱ्यांनी साठवलेली रॉकेटं आणि मोहिमा मोडू नयेत म्हणून जुन्या चुका सांभाळत बसावं लागतं. चार वर्षांपूर्वी घाईत लिहिलेल्या पायावर आता पाच मजले चढवायचे असतात. आणि खरं दुखणं पैशाचं. सामान्य खेळ पूर्ण होतो, मग विकला जातो, मग पैसे येतात. इथे उत्साही लोक पहिल्याच काही महिन्यांत येऊन पैसे देऊन जातात. पुढची तीन-चार वर्षं पगार द्यायचे ते त्यातूनच, नाहीतर नवीन येणाऱ्या गिऱ्हाइकांतून. म्हणजे करणाऱ्याच्या दृष्टीने पैसे येऊन गेलेत आणि काम मात्र पुढे उभं आहे. खाल्लेल्या जेवणाचं बिल भरायला कुणाला उत्साह असतो?

'डबल फाइन' या नावाजलेल्या स्टुडिओचं 'स्पेसबेस डीएफ-९' याच खड्ड्यात गेलं. २०१३ च्या ऑक्टोबरात अर्धवट विकायला काढलं, पुढच्या सप्टेंबरात सांगितलं की विक्रीतून खर्च निघत नाही, आणि ऑक्टोबरात जेवढं झालंय त्यालाच १.० म्हणून मोकळे झाले. घोषणा केलेल्यातलं कितीतरी आलंच नाही. त्यानंतर लगेच, २०१४ च्या नोव्हेंबरात, स्टीमने करणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले: पुढच्या गोष्टींची ठाम आश्वासनं देऊ नका, आणि विक्री झाली नाही तर खेळ पूर्ण करणं परवडणार नसेल तर या कप्प्यात येऊच नका. नियम चांगलेच आहेत, पण ते पाळले नाहीत तर काय, याचं उत्तर त्यात फारसं नाही. २०१५ च्या जूनपासून पैसे परत मिळायची सोय झाली, तीही खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. चार वर्षं वाट बघितलेल्या माणसाला तिचा काय उपयोग?

आपल्याकडे बांधकाम चालू असताना सदनिका घेणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. सुंदर चित्रांचं माहितीपत्रक, 'ताबा पुढच्या दिवाळीला', मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. नात्यातली किमान तीन घरं यातून गेली आहेत, नावं घेत नाही. :-) तिथे निदान २०१६ चा रेरा कायदा आला. २०१७ च्या मेपासून तो पूर्ण लागू झाला. नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, आणि गिऱ्हाइकांच्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवायचे. घराच्या तुलनेत खेळाची किंमत नगण्य, त्यामुळे खेळासाठी कुणी कायदा करणार नाही हे मला कळतं. पण रागाचं मूळ तेच आहे.

मात्र गिऱ्हाइकाच्या बाजूची एक गोष्टही मान्य करावी लागेल. अर्धवट खेळ माणूस शंभर-दोनशे तास खेळतो. जेवढं आहे तेवढं सगळं चाटून पुसून संपवतो. मग पंगतीत मुख्य पक्वान्न येईपर्यंत त्याचं पोट भरलेलं असतं, आणि तो वाढप्याला शिव्या देत बसतो.

'डेझी' नावाच्या खेळाचं असंच झालं. मुळात तो दुसऱ्या एका खेळाला लोकांनी जोडलेली पुरवणी, न्यूझीलंडच्या डीन हॉल या लष्करातल्या माणसाने केलेली. स्वतंत्र खेळ म्हणून १६ डिसेंबर २०१३ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरात इशाराच होता की या अवस्थेतल्या खेळाला पाठिंबा द्यायचा नसेल तर घेऊ नका. चार आठवड्यांत दहा लाख प्रती गेल्या! इशारा वाचून किती थांबले देव जाणे. हॉल २०१४ च्या अखेरीला बाजूला झाला आणि १.० उगवली १३ डिसेंबर २०१८ ला, म्हणजे तीन दिवस कमी पाच वर्षांनी. तोवर 'डेझी' हे नाव या सगळ्या पद्धतीवरच्या टोमण्यासारखं वापरलं जाऊ लागलं होतं.

याच्या उलट इंग्लंडातल्या छोट्या गटाचा 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'. हा २०११ पासून चालू आहे. सुरुवातीलाच घरी चोरी होऊन यांचे दोन लॅपटॉप गेले आणि त्यांच्याबरोबर केलेलं कामही. लोकांनी तेव्हा यांना खूप झोडपलं. खेळातली इतर जिवंत माणसं सुरुवातीला दाखवली आणि मग काढून घेतली, ती परत कधी येणार हा प्रश्न वर्षानुवर्षं चालत राहिला. बिल्ड ४१ चाचणीसाठी २०१९ मध्ये आलं आणि पक्कं झालं २० डिसेंबर २०२१ ला. पण ते इतकं चांगलं होतं की दहा वर्षं जुना खेळ एकदम लाखो नवीन लोक खेळायला लागले. त्यानंतर बिल्ड ४२ ची चाचणीची आवृत्ती यायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. यांच्याइतकं संथ कुणी नसेल. तरी यांच्याबद्दल लोक रागावतात ते घरातल्या उशिरा येणाऱ्या माणसावर रागावतात तसं. फसवलं असं म्हणणारा क्वचित, कारण काय केलं, काय अडलं हे ही मंडळी वर्षानुवर्षं न चुकता लिहीत आली.

आता वाईट गोष्ट.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉम प्रदर्शनात 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम २' ची घोषणा झाली. अप्रतिम चित्रफीत, दुसऱ्या ताऱ्यांकडे जाणारी यानं, परग्रहावरच्या वसाहती. २०२० मध्ये येणार असं सांगितलं. पहिल्या खेळाचे वेडे अक्षरशः रडले म्हणे. काम 'स्टार थिअरी' नावाच्या स्टुडिओकडे होतं. डिसेंबरमध्ये टेक-टूने ते काढून घेतलं आणि तिथल्याच लोकांना थेट निरोप पाठवून आपल्याकडे नव्या स्टुडिओत बोलावलं. साधारण एक तृतीयांश लोक गेले. मार्च २०२० मध्ये स्टार थिअरी बंद झाली. ही हकीगत 'ब्लूमबर्ग'ने त्याच वर्षी जूनमध्ये छापली. नवा स्टुडिओ 'इंटरसेप्ट गेम्स', सिअ‍ॅटलमध्ये. तारीख २०२१ झाली, मग २०२२, मग २०२३. आणि मग सांगितलं की पूर्ण नाही, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आणतोय.

२४ फेब्रुवारी २०२३. किंमत ४९.९९ डॉलर. इथेच पहिला खडा लागला. माइनक्राफ्टचा हिशोब आठवा: अर्धवट माल, निम्मी किंमत. पहिल्या कर्बलचीही किंमत वस्तू वाढेल तशी वाढत गेली होती. इथे पहिल्याच दिवशी जवळजवळ पूर्ण खेळाची किंमत. आणि मिळालं काय? विज्ञान नाही, जे पहिल्या खेळात २०१३ पासून होतं. परत येताना वातावरणात यान तापणं नाही. किमान म्हणून सांगितलेलं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स २०६०, आणि भारी यंत्रांवरही खेळ रखडत चालायचा. रॉकेट उभं राहिलं की शेवयांसारखं डुलायचं. पुढे त्याच वर्षी लोकांनी असंही शोधून काढलं की खेळ विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदी लिहीतच राहतो आणि ती फुगत जाते. (हे वाचून मला हसू आलं आणि मग आमच्या ऑफिसातल्या काही गोष्टी आठवून हसू थांबलं.)

पहिल्या दिवशी एका वेळी पंचवीस हजारांच्या आसपास लोक खेळत होते. काही महिन्यांत आकडा शेकड्यांत आला. पुढच्या वाटचालीचा तक्ता मात्र देखणा होता: आधी विज्ञान, मग वसाहती, मग दुसरे तारे, मग खनिजं, आणि शेवटी अनेकांनी मिळून खेळणं. तक्त्यावर तारखा नव्हत्या. विज्ञान आलं १९ डिसेंबर २०२३ ला, दहा महिन्यांनी, आणि खरं सांगायचं तर ते बरं होतं. रुसलेले लोक परत आले. चर्चेचा सूरच बदलला. आता वसाहती, असं म्हणून लोक पुन्हा वाट बघायला बसले.

वसाहती आल्याच नाहीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये टेक-टूने पाच टक्के माणसं कमी करायचं जाहीर केलं. मग वॉशिंग्टन राज्यातल्या नियमाप्रमाणे द्यावी लागते ती सूचना बाहेर आली: सिअ‍ॅटलचं कार्यालय बंद, ७० माणसं, जूनअखेर. खेळाच्या अधिकृत खात्यावरून सांगितलं गेलं की खेळावर काम चालू आहे, जमेल तेव्हा अधिक बोलू. मे महिन्यात कंपनीचे प्रमुख स्ट्रॉस झेलनिक यांनी मुलाखतीत सांगितलं की आम्ही स्टुडिओ बंद केलेले नाहीत. जून संपला, माणसं गेली. जुलै गेला, ऑगस्ट गेला. कुणी काही बोललं नाही. नोव्हेंबरमध्ये टेक-टूने ज्या विभागाकडे खेळ होता तो 'प्रायव्हेट डिव्हिजन'च विकून टाकला, आणि विकत कुणी घेतला तेही लगेच सांगितलं नाही. तोपर्यंत खेळ दुकानात विकायला होताच.

इथला राग मला वेगळा वाटतो. उशिराचा राग आणि हा राग यांची जात एक नाही. डेझीवाले वैतागले तेव्हा शिव्या ऐकायला कुणी तरी समोर होतं. झॉम्बॉइडवाले तर शिव्यांना उत्तरंही द्यायचे. पहिल्या कर्बलवाल्यांना एप्रिल २०१३ मध्ये लोकांनी दरडावलं आणि तिथल्या तिथे शब्द मिळाला. उधारीत हेच तर असतं. देणेकरी म्हणतो, या महिन्यात अडचण आहे, पुढच्या महिन्यात बघू. आपण चिडतो, बडबडतो, पण वहीत खातं चालू राहतं. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र दुकानाच्या फळीला कुलूप लागलं होतं आणि बाहेर 'दुकान चालू आहे' अशी पाटी लटकत होती. ज्यांची नोकरी गेली ते करारांमुळे बोलू शकत नव्हते, ज्यांना बोलता येत होतं ते बोलले नाहीत. लोक मग ७० या आकड्यावरून, कुणाच्या नोकरीच्या पानावर काय बदललं यावरून अंदाज काढत बसले. पन्नास डॉलर गेल्याचं दुःख मोठं नव्हतं. वाट बघणं थांबवायचं की नाही, एवढंच त्यांना कुणी सांगावं असं वाटत होतं.

स्टीमने २०२५ च्या फेब्रुवारीपासून एक छोटी सुधारणा केली. अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या खेळावर वर्षभराहून जास्त काळ काही काम झालं नसेल तर पानावर तशी सूचना येते: शेवटची सुधारणा अमुक इतक्या महिन्यांपूर्वीची आहे. बस, एवढंच. माणसांनी सांगितलं नाही ते आता यंत्र सांगतं.

पहिला कर्बल मात्र अजून उडतोय. त्याची शेवटची मोठी आवृत्ती १.१२, २०२१ च्या जूनमधली. वसाहती आणि दूरचे तारे, जे दुसऱ्यात यायचे होते, ते लोकांनी स्वतःच पुरवण्या लिहून त्यात कधीच आणून ठेवलेत. भाच्याचा एक कर्बल इंधन संपल्यामुळे २०१४ पासून सूर्याभोवती फिरतोय. त्याला सोडवायची मोहीम इंजिनिअरिंगच्या परीक्षा, नोकरी, लग्न या सगळ्यामुळे पुढे ढकलली जात आहे. त्याबद्दल कर्बलची काही तक्रार नाही.

आणि आता या कथेतली पात्रं परत एकत्र आली आहेत. डेझीच्या डीन हॉलची न्यूझीलंडमध्ये 'रॉकेटवर्कझ' नावाची कंपनी आहे. दुसरा कर्बल करायचं काम मिळावं म्हणून यांनीही एकेकाळी प्रयत्न केला होता, ते मिळालं नाही. २०२४ मध्ये त्यांनी 'किटन स्पेस एजन्सी' या खेळाचं काम जाहीर केलं. यात हिरव्या माणसांऐवजी मांजराची पिल्लं. आणि चांदीच्या कागदाच्या माणसांना फटाक्याला बांधणारा फेलिपे फालांगेही त्यांच्यात सामील झालाय. काम उघड्यावर चाललंय, आज काय जोडलं, काय मोडलं ते लोकांना दिसतं. खेळ मोफत ठेवायचा आणि ज्याला वाटेल त्याने पैसे द्यावेत, असा विचार हॉलने बोलून दाखवलाय. पाच वर्षं लोकांच्या शिव्या खाल्लेल्या खेळाचा जनक असं म्हणतो तेव्हा त्याला त्यातलं काही तरी कळलं असावं, असं मला वाटतं.

भाचा रोज रात्री तिथल्या नोंदी वाचतो. परवा फोनवर म्हणाला, यांना थोडे पैसे पाठवावेत म्हणतोय. मी म्हटलं, अरे, फुकट द्यायचं म्हणतायत ना ते? मग घाई कसली? खेळ तर होऊ दे.

"मामा," तो म्हणाला, "झाल्यावर दिले तर ती किंमत झाली."

मी पुढे काही बोललो नाही. त्याची बायको मागून विचारत होती, मांजरांना कशाचे पैसे?